पहिला मंगळवार

डॉक्टरांनी सी.टी. स्कॅनची फिल्म समाजमंदिराच्या खिडकीला टेकवली आणि पेनच्या टोकाने एक पांढरा ठिपका दाखवला. नागलीच्या दाण्याहून थोडा मोठा. म्हणाले, "हा बघा. न्यूरोसिस्टिसरकोसिस. यामुळेच यांना एपिलेप्सी आहे."

मी तेव्हा नाशिकला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि त्या शिबिरात दुभाषी म्हणून डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभी होते. समोर बसलेली बाई माझी आई होती. दोन्ही शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यामुळे आईला काय सांगायचं ते मला सुचेना.

डॉक्टरांनी मग सोपं करून सांगितलं. ते इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चपट्या जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा गढूळ पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. मेंदूत त्यांची बारीक गाठ होते. काही काळाने गाठीतला किडा मरतो आणि गाठ खडूसारखी कडक होते. त्या जागेपासून मेंदूत अधूनमधून विजेचा गोंधळ उठतो. या गोंधळाला एपिलेप्सी म्हणतात, आपण फेफरं म्हणतो.

आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "किडा जित्ता हाय का मेला?"

"मेलाय, कधीच."

"मंग तरास कोन देतंय?"

"त्याची जागा."

आई म्हणाली, "म्हंजे मेला तो, आन भांडण जागेचं. ही तर भाऊबंदकी झाली, साहेब."

डॉक्टर इतके हसले की रांगेतले लोक वाकून बघायला लागले. माझी आई अशी होती. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नसे. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिते, कारण पुढे जे गेलं ते हेच.

आमचा पाडा हरसूलच्या पलीकडे डोंगरात आहे. रस्ता जवळच्या बाजाराच्या गावापर्यंत येतो, तिथून आठ किलोमीटर पायवाट. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. मला लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्यावं. आणखी एक, आमच्याकडे बापाला अरे-तुरे करतात, त्यात अपमान नसतो. इथेही मी तसंच लिहिणार आहे, नाहीतर तो माझा बाबा वाटणार नाही.

आईचा आजार तीन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्हाला तो आजार वाटत नव्हता. जात्यावर बसलेली असताना तिचा हात थांबायचा. ओठ मिटमिट करायचे, बोटं पदराचा काठ चिवडायची. हाक मारली तर उत्तर नाही. मिनिटभराने ती परत दळायला लागायची आणि मधल्या मिनिटाचं तिला काही आठवत नसे. त्याआधी तिला चामडं जळाल्याचा वास यायचा, घरात दुसऱ्या कुणाला येत नसे. आम्ही घरात म्हणायचो, "आई जरा गेली." थोड्या वेळाने, "आली."

पहिल्या शिबिरात बाबाने डॉक्टरांना हेच सांगितलं. "ती जाते, मंग येते."

"कुठे जातात?"

"कुठं नाय. हितंच."

"इथेच म्हणजे?"

"साहेब, तू लग्न केलंस का? बायको समोर बसून बी नसती कधी कधी, तसं."

बाबा डॉक्टरांनाही तूच म्हणत होता. डॉक्टर शहरातले, मेंदूविकारतज्ज्ञ, नाशिकला त्यांच्याकडे नंबर लागायला आठवडे जातात. पण ते रागावले नाहीत. मला म्हणाले, "नीट विचारून सांग, कधी जमिनीवर पडल्या का, हातपाय ताठ झाले का." दोनदा पडली होती. एकदा चुलीजवळ. कोपरावर भाजल्याचा डाग होता.

भगताकडे गेलो नव्हतो असं नाही. आमच्या लोकांबद्दल लिहिताना सगळे भगतापासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. खरं सांगायचं तर भगताने आमचं नुकसान केलं नाही. त्याने नारळ घेतला आणि दोन महिन्यांनी स्वतःच म्हणाला, हे माझ्याच्यानं होत नाही, दवाखान्यात न्या. दवाखान्यात अशक्तपणा सांगून सलाईन लावलं. तीन वर्षांत चार वेळा लावलं. "मेंदूचा डॉक्टर" हा शब्द कुणी काढला की बाबा म्हणायचा, माझी बायको येडी नाय.

म्हणून ते शिबिर आम्हाला केवढं वाटलं असेल ते समजून घ्यावं. एका संस्थेने ठरवलं की दुर्गम भागात मेंदूच्या तज्ज्ञाला महिन्यातून एकदा न्यायचं, तपासणी मोफत, गोळ्या मोफत. संस्थेच्या ताई आमच्या वसतिगृहात आल्या आणि त्या भागातल्या मुली कोण, असं विचारलं. मी हात वर केला. ताईंना माझं अक्षर आवडलं. एस.टी. थांब्याच्या भिंतीवर, समाजमंदिराच्या दारावर आणि चार पाड्यांवर मी चुन्याने आणि गेरूने लिहिलं. 'मेंदूचे डॉक्टर येणार. फेफरे, झटके, लकवा. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. मोफत.' मंगळवार निवडला कारण त्या दिवशी तिथे बाजार असतो, लोक येतातच. फार विचार करून ठरवलं होतं सगळं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी तोंडी सांगितलं. महिन्याचा पहिला मंगळवार. सगळ्यांनी मान डोलावली. कुणीच काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पहिलं शिबिर भादव्यात झालं. आईला कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू झाली, सकाळी एक, संध्याकाळी एक. ही गोळी मेंदूतला तो गोंधळ दाबून धरते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "ही गोळी एकदम बंद करायची नाही. बरं वाटलं तरी नाही. एकदम बंद केली तर आधीपेक्षा वाईट होईल." हे मी आईबाबांना तीनदा सांगितलं. दोघांनी तीनदा "हां" म्हटलं.

दुसऱ्या शिबिराआधी नाशिकला नेऊन सी.टी. स्कॅन केला. आईला त्या गोल यंत्रात घातलं तेव्हा ती बाहेर येऊन म्हणाली, भट्टीत भाकर घातल्यागत घातलं, पर शेकलं नाय. दुसऱ्या शिबिरात निदान झालं, ते वर लिहिलंच आहे. तिसरं शिबिर दिवाळीनंतर लगेच होतं, चौथं त्यापुढच्या महिन्यात. चारही वेळा मी नाशिकहून सकाळच्या गाडीने आले आणि चारही वेळा आईबाबा माझ्याआधी समाजमंदिराच्या पायरीवर बसलेले होते.

आई जायची बंद झाली. वास बंद झाला. चौथ्या शिबिरात डॉक्टर म्हणाले, "असंच तीन वर्षं राहिलं तर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करू." बाबाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तीन वरसं म्हंजे किती गोळ्या?" मी हिशेब करून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "खाईल. भाकरीच्या संगं खाईल."

दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची निम्मी घरं पिंपळगावकडे द्राक्षाच्या मळ्यांत कामाला जातात, ती होळीला परततात. त्या वर्षी बाबा गेला नाही. मळा दूर पडेल, शिबिर चुकेल, म्हणून. मुकादम दोनदा येऊन गेला. त्याला बाबा म्हणाला, "बायकोचा मंगळवार हाय माझा." पाड्यावर यावरून त्याची चेष्टा झाली. लोक म्हणायचे, याने बायकोचा उपास धरलाय. बाबा हसायचा आणि बांधावर गवत कापायला जायचा.

पाचव्या शिबिराला मी गेले नाही. त्याच दिवशी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता 'विज्ञान खेड्याच्या दारी' आणि मी आमच्या शिबिरावर बोलले. आईचं नाव न घेता आईबद्दल बोलले. भाऊबंदकीचा विनोद सांगितला तेव्हा सभागृह हसलं. मला दुसरा क्रमांक मिळाला आणि पुढच्या फेरीसाठी निवडलं. त्यासाठी मी संक्रांतीलाही घरी गेले नाही. आई शिबिराला जाऊन आली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. बाबाने मुकादमाला परत पाठवलं होतं. असा माणूस शिबिर चुकवेल कसा.

संक्रांतीनंतर काही दिवसांनी संध्याकाळी वसतिगृहाच्या कार्यालयात फोन आला. आईला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात आणलं आहे, ये.

मी पोचले तेव्हा बाबा जिन्याखाली उकिडवा बसला होता. पायात चप्पल नव्हती. दुपारी आई भात सडत असताना पडली. आखडली, सुटली, पुन्हा आखडली. मधे शुद्धीवर आलीच नाही. घोंगडीची झोळी बांबूला बांधून तिला आठ किलोमीटर खाली आणलं. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डायझेपामचं इंजेक्शन दिलं, ते झटका थांबवतं. थांबलाही. जीपमध्ये त्र्यंबकच्या अलीकडे पुन्हा सुरू झाला.

याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. एका झटक्यातून मेंदू बाहेर यायच्या आत दुसरा येतो. हे जितकं लांबतं तितक्या मेंदूच्या पेशी मरतात. अर्धा तास म्हणजेसुद्धा फार झालं, असं डॉक्टर सांगतात. आमच्या पाड्यावरून खाली रस्त्यावर यायलाच त्याच्या तिप्पट वेळ लागतो.

पहिला दिवस, दुसरा दिवस आयसीयूच्या दाराबाहेर. आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग, तिथे नातेवाइकांना दिवसातून दोनदा काचेतून बघू देतात. आईच्या घशात नळी होती. तिसऱ्या दिवशी ईईजी काढला. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची रेघ कागदावर उतरवतात. रेघ अजून खवळलेली होती. औषध वाढवलं. बाबा सगळा वेळ भिंतीला टेकून बसायचा आणि कुणी पांढऱ्या कोटातलं दिसलं की उठून उभा राहायचा, मग ते वॉर्डबॉय असले तरी.

चौथ्या दिवशी शिबिराचे डॉक्टर स्वतः बघायला आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. फाइल वाचून त्यांनी रक्ताचा अहवाल काढला. गोळीचं प्रमाण रक्तात जवळजवळ नव्हतंच. ते बाहेर आले आणि पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं.

"गोळ्या का बंद केल्या? मी किती वेळा सांगितलं होतं? महिन्याच्या महिन्याला मी तिथपर्यंत येतो, तुम्हाला आठ किलोमीटर येता येत नाही?"

मला लाज वाटली, आणि हे लिहितानाही वाटते आहे, की मला बाबाची लाज वाटली. मी डॉक्टरांच्या बाजूने बोलले. "बाबा, तू गेला का नाहीस?"

"गेलतो."

"साहेब म्हणतात, आला नाहीत."

"आमी गेलतो, इंदू. तुझी आई आन मी, दोघं. कुलूप व्हतं."

डॉक्टर म्हणाले, "कुलूप कसं असेल? मी स्वतः होतो तिथे दुपारपर्यंत."

बाबाने खाली बघतच सांगितलं. "शिपाई व्हता. त्याला म्हनलं, डॉक्टर कुठंय? तो म्हनला, आज नाय, पहिल्या मंगळवारी या. म्हनलं, आज पहिलाच हाय की. काल तर अवस झाली. तो हसला. म्हनला, बाबा, आज शेवटचा मंगळवार."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंग काय. शेवटचा म्हनला. म्हंजे संपलं. तू यायचा बंद झालास."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अवस म्हणजे?"

मी म्हणाले, "अमावास्या."

तेवढं म्हणताना मला सगळं कळलं. आमच्या पाड्यावर महिना अमावास्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी नवा सुरू होतो. माझ्या आईच्या, आजीच्या, सगळ्यांच्या महिन्याचा पहिला मंगळवार म्हणजे अवस झाल्यावर येणारा पहिला मंगळवार. मीही लहानपणी तसंच मोजत होते. मग आश्रमशाळा, मग वसतिगृह. माझा महिना एक तारखेला कधीपासून सुरू व्हायला लागला ते मला कळलंच नव्हतं. आणि भिंतीवर मी नुसतं 'महिन्याच्या' असं लिहिलं. कोणत्या महिन्याच्या, ते लिहिलं नाही.

त्या रात्री वसतिगृहाच्या खानावळीतलं कॅलेंडर खाली उतरवून मी मागची पानं बघितली. पहिल्या चारही महिन्यांत अमावास्या महिन्याच्या टोकाला येत होती. त्यामुळे त्यांचा पहिला मंगळवार आणि आमचा पहिला मंगळवार एकच निघाला. चार वेळा योगायोगाने बरोबर आलं म्हणून कुणाला शंका आली नाही. पाचव्या वेळी अमावास्या सोमवारी झाली आणि बाबा दुसऱ्याच दिवशी, आठवडाभर आधी, कुलपासमोर जाऊन उभा राहिला. शिपाई खोटं बोलला नव्हता. तो इंग्रजी महिन्यातला शेवटचाच मंगळवार होता.

पुढचं बाबाने नंतर हळूहळू सांगितलं. घरी सात-आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. एकदम बंद करायची नाही, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. म्हणून त्याने विळ्याने गोळ्यांचे दोन तुकडे केले. मग त्या संपत आल्या तेव्हा संध्याकाळचा तुकडा बंद केला. "म्हनलं, संक्रातीला इंदू येईल. ती बघंल काय ते." बाजारातल्या औषधाच्या दुकानातही तो रिकामं पाकीट घेऊन गेला होता. ती गोळी तिथे ठेवत नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याने पाळली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. आधी बाबाशेजारी बाकावर बसले, मग म्हणाले, "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं." बाबा त्यांना म्हणाला, "तू काय करशील साहेब, तुझा महिना वेगळा." यात टोमणा नव्हता. डॉक्टरांना मात्र ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण ते लगेच उठून गेले.

पाचव्या दिवशी झटके थांबले. सहाव्या दिवशी आईने डोळे उघडले. नवव्या दिवशी नळ्या काढून साध्या वॉर्डात आणलं. आईने मला ओळखलं. म्हणाली, "सुट्टी लागली का शाळेला?"

मी म्हणाले, "आई, मी कॉलेजात आहे."

"हां," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "सुट्टी लागली का शाळेला?"

डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो, आठवणी साठवण्याचा. लांबलेल्या झटक्यांत त्याला सगळ्यात आधी इजा होते. जुनं बरंचसं राहील, नवं टिकणार नाही. आकडे अडतील, शब्द अडतील. किती सुधारेल? "काही महिन्यांत जेवढं येईल तेवढं. त्यानंतरचं सांगता येत नाही." मी विचारलं, ती आधीसारखी बोलेल का. त्यांना माझा प्रश्न कळला होता. ते म्हणाले, "बोलतील. आधीसारखं, ते माहीत नाही."

पुढच्या शिबिराला मी गेले आणि रजिस्टर मागितलं. आईच्या नावापुढे पाचव्या महिन्याच्या रकान्यात लिहिलं होतं: गैरहजर. रुग्ण अनियमित. आमच्या आणि शेजारच्या पाड्यांवरच्या आणखी काही नावांपुढेही तेच. मी एकेकाला विचारलं. तेही कुलूप बघून परत गेले होते. त्यांचं नशीब, त्यांना काही झालं नाही.

मी ताईंना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या म्हणाल्या, "अगं, पण असं कोण मोजतं आता?"

मी म्हणाले, "ज्यांच्यासाठी शिबिर आहे ते मोजतात."

रजिस्टरमधला 'अनियमित' शब्द खोडा, एवढंच मी मागितलं. ताई म्हणाल्या, रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, वरून तपासणी असते. मी भिंतींवरचं माझं अक्षर मात्र स्वतः पुसलं. डॉक्टरांशी बोलून नवीन पद्धत ठरवली. पुढचं शिबिर किती बाजारांनी आहे ते प्रत्येकाला सांगायचं, चार की पाच, आणि गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या जास्त द्यायच्या. बाजार सगळ्यांचा एकच असतो. त्यानंतर कुणी चुकलं नाही.

पुढच्या वर्षी शिबिर बंद झालं. संस्थेचा अहवाल मी नंतर पाहिला, चांगल्या कागदावर छापलेला. त्यात लिहिलं होतं की रुग्णांची अनास्था आणि अज्ञान यांमुळे उपक्रमाला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. शेजारी फोटो होता. समाजमंदिराच्या पायरीवर रांगेत सगळ्यात पुढे बसलेली माझी आई.

आता आम्ही तिला नाशिकला नेतो. तेच डॉक्टर बघतात, पैसे घेत नाहीत. त्यांचे उपकार मी मानते. त्या तरुण डॉक्टरीणबाईंचेही, ज्यांनी वेळेत इंजेक्शन दिलं, आणि झोळी खांद्यावर घेऊन उतरलेल्या चार माणसांचे. पण उपकार मानून माझं मन भरत नाही, हेही लिहिलं पाहिजे. अशा लेखाच्या शेवटी आजाराने खूप शिकवलं असं म्हणतात. मला आजाराने काही शिकवलं नाही. जे शिकायचं होतं ते माझ्या आईला आधीच येत होतं. मी तिला विचारलं नाही.

तुमच्या घरात कुणाला फेफऱ्याची गोळी सुरू असेल तर एक सांगते. डॉक्टर जी वेळ सांगतील ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगा आणि ते काय समजले ते त्यांच्या तोंडून ऐका. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका. गोळी संपत आली तर तुकडे करू नका, कुणालाही गाठा, उशिरा कळवण्यापेक्षा उगीच कळवलेलं बरं.

बाबाने तर त्याहून सोपं काढलं. नाशिकच्या पहिल्या भेटीत डॉक्टर चिठ्ठीवर पुढची तारीख लिहायला लागले तेव्हा त्याने त्यांचा हात धरला. "साहेब, वार नको, तारीख नको. गोळ्या किती उरल्या म्हंजी यायचं ते सांग."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "दहा."

तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर बसून गोळ्या मोजायच्या. मोजायचं काम बाबाने आईला दिलं आहे. मला सुरुवातीला ते क्रूर वाटलं. तिला चारच्या पुढे जाता येत नाही. एक, दोन, तीन, चार, आणि तिचं बोट चौथ्या गोळीवर थांबतं. बाबाने मनात आधीच मोजलेल्या असतात, पण तो पुढचा आकडा सांगत नाही. बसून राहतो. उन्हं अंगणात येतात.

गेल्या सुट्टीत मी शेजारी बसले होते. ती चारवर थांबली. बाबा म्हणाला, "पुढं?"

आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "पुढं तू हो. मी येते."

बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. आई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. ती थट्टा होती, की तिला खरंच पुढचं सापडलं नव्हतं, ते मला कळलं नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सुट्टी लागली का शाळेला?"